विश्रांतीची वसुली

महसूल खात्यात चौतीस वर्षे इमानेइतबारे चाकरी करून अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा उर्वरित आयुष्यात काहीही करावयाचे नाही असा एक साधा, निरुपद्रवी आणि सरकारी तिजोरीवर कसलाही बोजा न टाकणारा संकल्प मी सोडला होता. आणि त्याच्या सिद्धीस लागणारी यच्चयावत सामग्री, म्हणजे एक वेताची आरामखुर्ची, एक पंचा आणि खिडकीतून ऐकू येणारे समोरच्या बिऱ्हाडातले भांडण, आमच्या पुण्याच्या घरी विनामूल्य हजर होती. परंतु काही न करण्याच्या या उद्योगात मी जेमतेम हात बसवीत होतो, तोच आमचे मेहुणे, जे एका सहकारी बँकेत अधिकारी आहेत आणि गेली दोन वर्षे गोल्फ शिकत आहेत, एका रविवारी सकाळी घरी अवतरले आणि माझ्या आरामखुर्चीकडे सरकारी जागेवरील अतिक्रमणाकडे पाहावे तसे पाहू लागले.

“दाजी, तुम्ही आयुष्यात कधी रिलॅक्स झाला आहात का?”

“आत्ताच होत होतो,” मी म्हणालो.

“हे रिलॅक्स होणं नव्हे, हा आळस. रिलॅक्स व्हायला माणसाला बाहेर पडावं लागतं.”

मी स्वयंपाकघराकडे अपील दाखल केले. ते उभ्या उभ्या फेटाळण्यात आले. “अहो, तो एवढ्या मायेनं म्हणतोय,” सौभाग्यवती म्हणाल्या, “आणि तिकिटं काढूनच आलाय.” फैसला आधी आणि सुनावणी मागाहून, हा शिरस्ता कचेरीतून माझ्या परिचयाचा असल्यामुळे मी पुढे वाद घातला नाही.

याप्रमाणे आम्ही उभयता, मेहुणे आणि त्यांच्या पत्नी असे चौघेजण, मुंबईहून साडेचार हजारांवर किलोमीटर अंतरावर असलेल्या मॉरिशस बेटावर विश्रांती घेण्यासाठी रवाना झालो. विमानात मेहुण्यांनी माझ्या हाती एक छापील पत्रक ठेवले. सात दिवस, सहा रात्री, पाच बेटे. आणि प्रत्येक दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे असे बारीक तुकडे पाडलेले, की जमिनीचे तुकडे पाडण्यास बंदी घालणारा कायदा विश्रांतीला का लागू करू नये, असा प्रश्न माझ्या मनात उभा राहिला. मी ते पत्रक जुन्या सवयीने खालून वर तपासले. चौथ्या दिवशी दुपारी ४ वाजून १० मिनिटांसमोर “आराम – २० मिनिटे” अशी एकुलती एक नोंद होती. समोरचा शेरा होता: “ऐच्छिक”.

मॉरिशसचे क्षेत्रफळ आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. आमचा मुक्काम होता तो पूर्व किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये, ज्याचे नाव मी येथे देत नाही, कारण दोष त्याचा नव्हता, आमचा होता. तेथे पाऊल ठेवताच एका सुहास्यवदन तरुणीने आमच्या मनगटांवर एक निळा पट्टा बांधला, जो पाण्याने भिजत नाही, ओढून तुटत नाही आणि झोपेतही काढता येत नाही. हा पट्टा धारण करणाऱ्या इसमास खाणे, पिणे, पोहणे, होडी, सर्व काही समाविष्ट. मला तो कोंडवाड्यातल्या गुरांच्या बिल्ल्यासारखा वाटला. मेहुण्यांच्या डोळ्यांत मात्र, ती सनद हाती पडताच, एक निराळेच तेज चमकले.

“दाजी, हिशेब केलाय मी. एक-एक जेवण आपल्याला साडेतीन हजाराला पडलंय. वसूल झालं पाहिजे.”

मी आयुष्यभर वसुली केली आहे. शेतसारा वसूल केला, तगाई वसूल केली, एकदा तर एका देवस्थानाकडून पाण्याचा आकार वसूल केला; परंतु नाश्त्याकडून वसुली करण्याची कामगिरी माझ्यावर प्रथमच आली होती. त्यातून मॉरिशसचे घड्याळ आपल्या मागे दीड तास, आणि माझे पोट भारतीय प्रमाणवेळेशी एकनिष्ठ. त्यामुळे पुण्यात साडेसातला चहा घेणारा मी, तेथे पहाटे सहाला भोजनगृहाच्या बंद दारापाशी उभा असे, आणि पाठीमागे थाळी घेऊन मेहुणे. दार उघडले की ते अंड्यांच्या अकरा प्रकारांवर तुटून पडत. “पाव घेऊ नका,” ते दबल्या आवाजात बजावीत, “पावानं पोट भरतं. चीज घ्या.” तिसऱ्या दिवसापर्यंत चीजचे आणि माझे संबंध इतके विकोपाला गेले, की मी वरण-भाताच्या आठवणीने झोपेत हुंदका दिल्याचे सौभाग्यवती शपथेवर सांगतात.

आणि यातला दैवदुर्विलास असा, की त्या बेटावरचे खरे अन्न पट्ट्याच्या कक्षेबाहेर, रस्त्यावर मिळत होते. तेथे काचेच्या पेटीत ढोल पुरी नावाचा पदार्थ ठेवून माणसे उभी असतात. हरभऱ्यासारख्या डाळीचे पुरण भरलेली मऊसूत पोळी, वर रस्सा आणि चटणी, आणि ती विकतात नेहमी जोडीने. सौभाग्यवतींनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. “अगं बाई, ही तर आपली पुरणपोळी! नुसता गूळ घालायचा राहिलाय.” आम्ही दोघांनी मिळून तीन जोड्या फस्त केल्या, आणि मेहुणे आमच्याकडे अशा विदीर्ण नजरेने पाहत राहिले, की जणू बँकेतली तारण मालमत्ता त्यांच्या डोळ्यांदेखत पेटली होती. “रोख पैसे दिलेत?” त्यांनी विचारले. “पट्टा असताना?”

दुसरा दिवस उत्तरेकडील बेटांना मुक्रर केला होता. ग्रां बे येथून एका दुहेरी तळाच्या शिडाच्या नावेने निघायचे, वाटेत क्वॅं द मीर नावाचा उंच सुळका उजव्या हाताला टाकायचा आणि इल प्लात व गाब्रिएल या जोडबेटांवर उतरायचे, असा बेत. क्वॅं द मीर म्हणजे तोफेचा नेम धरण्यासाठी तिच्या बुडाखाली सारतात ती पाचर. बेटाचा आकार अगदी तसाच आहे म्हणे. मी तो पाहिला नाही. त्या वेळी मी नावेच्या कठड्यावर ओणवा होऊन तोवर केलेली सर्व वसुली हिंदी महासागरात परत जमा करीत होतो. इल प्लातवर एकोणिसाव्या शतकात साथीच्या भीतीने जहाजांवरच्या माणसांना अलग ठेवीत असत, हे ऐकून मला त्या बेटाबद्दल आपुलकी वाटली, कारण खाली उतरल्यावर आमच्या मंडळींनी मलाही एका झाडाखाली तसेच अलग ठेवले. एरवी त्या दोन बेटांत मला काही फरक आढळला नाही. दोन्हीकडे पांढरी वाळू, निळे पाणी, भाजत ठेवलेला मासा, आणि डोडो पक्ष्याचे चित्र असलेला पंचा विकणारा एक उत्साही गृहस्थ.

या डोडोविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून माझ्याच्याने राहवत नाही. हा पक्षी केवळ याच बेटावर होता. तो उडत नसे, कारण उडून जाण्याचे त्याला कारण नव्हते; शत्रू नव्हता, घाई नव्हती, खाली पडलेली फळे खाऊन तो स्वस्थ राही. थोडक्यात, तो पेन्शनर होता. १५९८ साली डच खलाशी तेथे उतरले, मागोमाग त्यांची डुकरे, माकडे आणि उंदीर आले, आणि १६६२ नंतर डोडो कुणाला जिवंत दिसल्याची खात्रीलायक नोंद नाही. एका पंच्यावर त्याला गोल्फ खेळताना दाखविले होते. माझी पक्की खात्री आहे, की अखेरच्या डोडोलाही कुणा मेहुण्यानेच बाहेर पडण्याचा आग्रह केला असावा.

तिसऱ्या दिवशी गोल्फ. त्यासाठी त्रू दो दूस नावाच्या गावाहून होडीने ज्या बेटावर जावे लागते, त्याचे नाव लिहायचे ‘इल ओ सर्फ’ आणि म्हणायचे ‘इल ओ सेर’. अर्थ, हरणांचे बेट. डचांनी १६३९ साली जावाहून मॉरिशसला हरणे आणली होती. मी होडीतून उतरताच हरणांची चौकशी केली. “आता नाहीत,” होडीवाला म्हणाला. मला परदेशात आल्यापासून प्रथमच घरच्यासारखे वाटले. दप्तरात विहीर आहे, तिच्यावर कर्ज आहे, कर्जाला दोन जामीन आहेत, आणि मोक्यावर जाऊन पाहावे तो नुसती बाभळ, अशा कितीतरी विहिरींचे पंचनामे मी केले आहेत. पण एक अख्खे बेट हरणांच्या नावे चढलेले आणि जागेवर एक शिंगही नाही, हा प्रकार आमच्या तालुक्यालाही साधला नव्हता.

या बेटावरचे अठरा भोकांचे मैदान बर्नहार्ड लँगर या जर्मन खेळाडूने आखले असून ते २००३ साली सुरू झाले. चेंडू भोकात ढकलण्याच्या शेवटच्या नाजूक टोल्याशी लँगरसाहेबांची स्वतःची अनेक वर्षे झटापट चालली होती, हे गोल्फच्या जगात सर्वश्रुत आहे. आणि ते मैदान पाहिल्यावर त्यांनी त्या झटापटीचा सूड इतर मनुष्यजातीवर उगविला असावा, असे मला वाटू लागले. भोक सव्वाचार इंच व्यासाचे. सभोवार समुद्र, मध्ये तळी, बाजूला खारफुटी, आणि आपल्या सह्याद्रीत असतो तसलाच काळा कातळ. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवण्यास मुभा आहे. मेहुण्यांनी चौदाच्या चौदा भाड्याने घेतल्या, कारण भाडे सारखेच होते.

माझी नेमणूक हिशेबनीस म्हणून झाली. प्रत्येक भोकासाठी किती टोले लागावेत याचा आकार सरकारने ठरवून दिलेला असतो, त्याला पार म्हणतात. आणि ज्याला खेळता येत नाही त्याला जी सूट मिळते तिला हँडिकॅप म्हणतात. मेहुण्यांनी हे मला अर्धा तास समजावून सांगितले. “म्हणजे आणेवारी,” मी म्हणालो. “पीक बुडालं की सारामाफी.” ते काही बोलले नाहीत, परंतु पहिल्याच टोल्याला त्यांचा चेंडू उजवीकडे वळून, एका जर्मन दांपत्याच्या डोक्यावरून, समुद्राच्या दिशेने मार्गस्थ झाला, तेव्हा शिष्टाचाराप्रमाणे ते मोठ्याने ओरडले, “फोर!”

आमच्या सौभाग्यवतींनी टाळ्या वाजविल्या. “गेला का सीमेपार?” त्यांनी कौतुकाने विचारले. गोल्फमध्ये ‘फोर’ हा चौकार नसून जीव वाचवा अशी सूचना असते, हे त्यांना सांगण्याचे धैर्य कुणालाच झाले नाही; आणि पुढील दोन तासांत, मेहुण्यांच्या प्रत्येक आरोळीला बहिणीच्या टाळ्यांची आणि “शाब्बास रे!”ची साथ अखंड मिळत राहिली. नऊ भोकांअखेर मी काळजीपूर्वक बेरीज केली तेव्हा टोले एक्याण्णव भरले. सोबत आणलेल्या बारा चेंडूंची वासलात मी पुढीलप्रमाणे नमूद केली होती: समुद्रार्पण पाच, खारफुटीत चार, तळ्यात दोन, आणि कातळावर आपटून बेपत्ता एक. चेंडूच उरले नसल्यामुळे राहिलेली नऊ भोके तहकूब करण्यात आली.

संध्याकाळी परत त्रू दो दूसच्या धक्क्याला लागलो, तो एक दहा-बारा वर्षांचा पोरगा डबा घेऊन उभा. डब्यात गोल्फचे चेंडू. ओले, स्वच्छ आणि स्वस्त. मेहुण्यांनी एक उचलला, उलटसुलट केला, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यावर निळ्या शाईने, त्यांच्याच बँकेच्या पेनने काढलेली, त्यांची आद्याक्षरे होती. “हा माझा आहे,” ते म्हणाले. पोराने मान डोलावून किंमत सांगितली. घासाघीस झाली, शेवटी मेहुण्यांनी स्वतःचे तीन चेंडू विकत घेतले आणि डझनामागे पडलेल्या मूळ दरापेक्षा हे स्वस्त पडले, म्हणून होडीच्या भाड्यात तेवढी वसुली झाल्याचे समाधानही मानले. जप्त केलेली म्हैस लिलावात मूळ मालकानेच बोली लावून सोडवून न्यावी, हा प्रसंग मी पुष्कळदा पाहिला आहे. पण म्हशीला इतक्या आनंदाने घरी नेणारा मालक मात्र कधी पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी ब्लू बे येथे समुद्रात तोंड बुडवून मासे पाहण्याचा कार्यक्रम होता. डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा, दातांत एक वाकडी नळी, पायांत बदकासारखी रबरी पावले, या पोशाखात मी होडीच्या कडेला बसलो, तेव्हा होडीवाल्याने माझ्याकडे नीट पाहून, माझ्या कानांवर विश्वास बसू नये अशा मराठीत म्हटले, “महाशय, आपण प्रथम काचेवर थुंकावे.”

मी दचकलो. थुंकण्याच्या सूचनेपेक्षा तिच्या व्याकरणाने दचकलो. त्याचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला आलेले. घरी बोलायचे ते क्रिओल, पण शाळेत मराठी विषय घेतलेला, त्यामुळे त्याची मराठी पाठ्यपुस्तकातून निघून थेट होडीत आलेली होती, वाटेत तिला पुणे लागले नव्हते. थुंकी लावली म्हणजे काचेवर वाफ धरत नाही, असे त्याने स्पष्ट केले. मी ज्या कचेरीत “येथे थुंकू नये” हा फलक चार वेळा रंगवून घेतला, तिच्या स्मृतीला मनोमन अभिवादन करून, मी थुंकलो आणि पाण्यात उतरलो.

दोन क्षणांत माझा मुखवटा नाकापर्यंत खाऱ्या पाण्याने भरला. मी वर आलो, खोकलो, पुन्हा गेलो, पुन्हा भरला. तिसऱ्या खेपेला होडीवाल्याने मला काखेत धरून वर घेतले आणि अत्यंत खेदाने निदान सांगितले. “महाशय, अडचण आपल्या मिशीची आहे. मिशीमुळे मुखवटा त्वचेस चिकटत नाही. कृपया व्हॅसलीन लावावे.”

ही मिशी मी नोकरीच्या पहिल्या वर्षी ठेवली. तिने तीन जिल्हाधिकारी, दोन दुष्काळ आणि एक खातेनिहाय चौकशी पाहिली होती. तिला व्हॅसलीन फासून घेण्याची नामुष्कीही मी पत्करली, परंतु समुद्राने तोही अर्ज नामंजूर केला, आणि माझे सर्व दर्शन एका धूसर चिकट हिरवटपणापुरते राहिले, तर मेहुणे बाजूला डोके वर काढून दर मिनिटाला ओरडत होते, “दाजी, निळा! दाजी, पिवळा! दाजी, तुमच्या खाली!” त्या दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी मला विश्रांती मिळाली. मी दोन माडांमध्ये बांधलेल्या झोळीत शिरलो. झोळीत कसे शिरावे हे शिकण्यात अकरा मिनिटे गेली, माझे छायाचित्र काढण्यात पाच, आणि डोळा लागतो आहे तोच मेहुण्यांनी खांदा हलविला. “झालात का रिलॅक्स? चला.”

पाचवा दिवस संकष्टीचा निघाला. मेहुण्यांच्या पत्रकात तिथी नव्हत्या. सौभाग्यवतींनी सकाळीच उपवास जाहीर केला, त्याबरोबर एका माणसाची दिवसभराची वसुली बुडाल्याचे पाहून मेहुण्यांनी बहिणीच्या वाट्याचे खाणे आपल्या अंगावर घेतले, ज्याचे परिणाम पुढे दोन दिवस आम्हा सर्वांना भोगावे लागले. साबुदाणा कोठून आणायचा? कालच्या होडीवाल्याने माएबूर गावातून मॅनिओकची बिस्किटे आणून दिली. तेथे १८७० पासून एक घराणे ती करीत आले आहे. सौभाग्यवती साशंक. मी प्रकरण चालविले: मॅनिओक म्हणजे कसावा, आपला बाजारातला साबुदाणाही कसाव्याच्याच कंदाचा, सबब उपवासास हरकत नाही. माझ्या चौतीस वर्षांच्या सेवेत इतका निर्विवाद निकाल मी दुसरा लिहिला नाही. मात्र चंद्रोदयाची वेळ पंचांगात पुण्याची.

“दीड तास वजा करायचा,” मेहुणे पोटावर हात धरून म्हणाले.

“चंद्र काय तुझ्या बँकेच्या घड्याळावर उगवतो?”

होडीवाल्याने आपल्या आईला फोन लावला. दोघांचे क्रिओलमध्ये बराच वेळ बोलणे झाले, आणि मग त्याने निर्णय कळविला: “आई म्हणते, समुद्राकडे तोंड करून बसावे. चंद्र दिसला की उगवला असे समजावे.” आम्ही बसलो. पत्रकात त्या वेळेला सेगा नृत्याचा कार्यक्रम होता. तो मेहुण्यांच्या प्रकृतीमुळे आपोआप रद्द झाला. तास-दीड तास कुणी काही केले नाही, काही खाल्ले नाही, कुणी छायाचित्र काढले नाही. मग पाण्यातून तांबूस चंद्र वर आला. तेवढा वेळ मात्र, हे मी दप्तरी नोंदीसाठी लिहितो, बरा गेला.

त्याच रात्री मी वस्तरा उचलला. कारण काय, ते मला अद्याप नीटसे सांगता येत नाही. एवढे खरे, की मासे न पाहता परत जाणे म्हणजे थकबाकी ठेवून निवृत्त होण्यासारखे वाटले. सकाळी सौभाग्यवतींनी मला पाहिले आणि पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. “अगदी तुमच्या आत्यांसारखे दिसता,” त्या शेवटी म्हणाल्या.

मुखवटा बसला. थेंबभर पाणी शिरले नाही. खाली मेंदूच्या आकाराचे प्रवाळ पसरले होते. इतका मोठा आणि इतका स्वस्थ मेंदू मी वर कधी पाहिला नाही. त्याच्या भोवती पोपटाच्या चोचीचे, हिरव्या-गुलाबी अंगाचे मासे प्रवाळ कुरतडीत होते. त्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येई. हे मासे प्रवाळ खातात, दगड दळतात आणि मागून वाळू सोडतात. ज्या शुभ्र वाळूवर पहुडण्यासाठी जगभरातून माणसे येतात, तिचा मोठा हिस्सा या माशांच्या पोटातून आलेला असतो. हे मी वर येऊन मेहुण्यांना सांगितले, तेव्हा ते त्याच वाळूत भाजलेला मासा खात बसले होते. त्यांनी थाळी बाजूला ठेवली. त्या संबंध सहलीत त्यांनी वसूल न केलेले ते एकमेव जेवण.

सातव्या दिवशी रिसॉर्टच्या तरुणीने कात्रीने आमचे पट्टे कापले. मेहुण्यांनी आपला पट्टा खिशात घातला. का, ते विचारण्याचे मी टाळले. मुंबईला उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने माझे छायाचित्र पाहिले, मग मला पाहिले, मग पुन्हा छायाचित्र पाहिले.

“काका, हा फोटो तुमचाच ना?”

“माझाच.”

“मग ही मिशी?”

कर्जाच्या विहिरीपाशी उभ्या असलेल्या शेकडो शेतकऱ्यांना मी हाच प्रश्न याच आवाजात विचारला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो निष्पाप गोंधळ दिसे, तोच आता माझ्याच ओठांवर, उघड्यावर, वारा खात असल्याचा मला भास झाला.

“दप्तरी आहे, साहेब,” मी म्हणालो. “मोक्यावर नाही.”

“गेली कुठे?”

मी काही सांगणार, तोच पाठीमागच्या रांगेतून, पोट धरून उभ्या असलेल्या मेहुण्यांचा क्षीण पण ठाम आवाज आला.

“साहेब, ती पॅकेजमध्येच होती.”